कुलपातली ‘अडलेली’ पिन बोटांनी कशी ओळखायची? नव्याने पिकिंग शिकणाऱ्यांसाठी

छंद म्हणून कुलपं उघडायला शिकणाऱ्या बहुतेक नवख्यांची तक्रार एकच असते : “सगळ्या पिना सारख्याच लागतात.” पिक (कुलपात घालायची बारीक सळई) आत जातो, टोकाला काहीतरी लागतं, ते खाली-वर होतं, पण त्यातलं नेमकं काय दाबायचं ते कळत नाही. मग कंटाळून माणूस पिक नुसता आत-बाहेर घासायला लागतो आणि कधीतरी कुलूप उघडतंही. कसं उघडलं ते विचारलं तर सांगता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच कुलूप तासभर दाद देत नाही. या घडीला कोणती पिन अडली आहे, म्हणजे छंदातल्या भाषेत कोणती पिन ‘बाइंडिंग’ आहे, हे ओळखता आलं की हा खेळ नशिबाचा राहत नाही. या लेखात तेवढंच एक काम शिकायचं आहे.

त्याआधी दोन नियम. जगभरचे छंदी लोक ते पाळतात आणि त्यात सूट नाही. कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं, किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली हवी. आणि वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही, मग ते स्वतःच्या घराच्या दाराचं का असेना. पिन वाकली किंवा स्प्रिंग निसटली तर रात्री दहा वाजता तुम्ही बाहेर आणि घरचे आत. महाराष्ट्रातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी बाळगणाऱ्यावर आहे. तेव्हा पिकांचा संच घरातल्या टेबलाच्या खणात ठेवा. बॅगेत टाकून मित्रांना दाखवत फिरू नका.

कुलूप कोणतं घ्यायचं

इथेच आपल्याकडचे बरेच जण फसतात. परदेशी व्हिडिओ बघून पिक मागवतात आणि घरातलं जुनं पितळी कुलूप पुढ्यात घेऊन बसतात. त्यावर ‘७ लिव्हर’ असं कोरलेलं असतं, म्हणजे त्यात पिना नसतातच. आत एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांना वेगळी हत्यारं लागतात. नेहमीचा हूक (वाकड्या टोकाचा पिक) आणि टेन्शन रेंच (कुलपाला वळण द्यायची वाकवलेली पट्टी) तिथे काही कामाचे नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातली आपली कितीतरी कुलपं या जातीची असतात. तेव्हा घेण्याआधी किल्ली बघा. चपटी, एका कडेला करवतीसारखे दाते आणि बाजूंना लांबट खाचा असलेली किल्ली दिसली तर ते बहुधा पिनवालं कुलूप. टेबलाच्या खणाच्या आणि लोखंडी कपाटाच्या छोट्या कुलपांची किल्लीही अशीच दिसते, पण त्यांत पुष्कळदा पिनांऐवजी पातळ पत्र्या असतात. सुरुवातीला तीही नकोत.

माझी शिफारस फ्लॅटच्या दारांना हँडलखाली बसवतात त्या युरो सिलिंडरची. हार्डवेअरवाल्याकडे तो सुटा मिळतो, किल्लीसकट येतो, आणि मुख्य म्हणजे सहज खोलता येतो. खोलता येणं का महत्त्वाचं ते पुढे येईल. पारदर्शक प्लास्टिकची ‘शिकाऊ’ कुलपं आतली रचना समजायला ठीक आहेत, पण त्यांच्या पिना इतक्या ढिल्या असतात की बोटांना खोटी सवय लागते. एक संध्याकाळ खेळा आणि शोकेसमध्ये ठेवून द्या. जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात स्वस्तात कुलपं मिळतात. नावावर जाऊ नका, पण किल्लीशिवाय घेऊही नका. पिना किती उंच उचलायच्या आहेत हे किल्लीच्या दात्यांवरून कळतं, आणि सरावात ते फार कामाला येतं.

पिन अडते म्हणजे काय होतं

किल्लीबरोबर जो गोल दांडा फिरतो तो प्लग. त्याच्याभोवतीचा स्थिर भाग म्हणजे बॉडी. दोन्हींमधून आरपार पाच किंवा सहा उभी भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकात खाली की-पिन, तिच्यावर ड्रायव्हर पिन आणि सगळ्यात वर स्प्रिंग. किल्ली नसताना स्प्रिंग ड्रायव्हरला खाली ढकलते, तो अर्धा प्लगमध्ये आणि अर्धा बॉडीत राहतो, आणि प्लग फिरत नाही. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका प्लग आणि बॉडीच्या मधल्या रेषेवर येतो. ही शिअर लाइन. लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन माणसाने १८६१ आणि १८६५ मध्ये याची पेटंटं घेतली. आजची पिनवाली कुलपं मुळात त्याच रचनेची आहेत.

किल्ली न घालता प्लग वळवायला गेलात तर कागदावर पाचही ड्रायव्हर एकाच वेळी आडवे यायला हवेत. प्रत्यक्षात तसं होत नाही. भोकं पाडताना ड्रिल केसभर इकडे-तिकडे सरकलेलं असतं, पिनांची जाडीही तंतोतंत सारखी नसते. त्यामुळे सगळ्यांच्या आधी एकच पिन प्लग आणि बॉडीच्या कडांमध्ये चिमटली जाते. बाकीच्या अजून मोकळ्या असतात. चिमटलेली पिन वर ढकलत नेली आणि तिचा सांधा शिअर लाइनवर आला की प्लग जरासा पुढे सरकतो, तिचा ड्रायव्हर वरच अडकून राहतो, आणि आता दुसरी कोणती तरी पिन चिमटली जाते. सगळं पिकिंग या कारखान्यातल्या ढिलाईवर चालतं. प्रत्येक भोक अचूक सरळ रेषेत असतं तर हा छंदच नसता.

रस्त्याच्या कडेला बसणारा चावीवाला याच गोष्टीचा वेगळा उपयोग करतो. तो कोरी किल्ली आत घालतो, जोर देऊन हलवतो, बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो आणि कुठे बारीक ठिपका उमटलाय ते बघून तेवढ्याच जागी कानस मारतो. तो ठिपका अडलेल्या पिनेने उमटवलेला असतो. पिन योग्य उंचीवर आली की तिथे ठिपका उमटायचा थांबतो. तो डोळ्यांनी जे वाचतो ते आपल्याला बोटांनी वाचायचं आहे. कधी संधी मिळाली तर त्याच्याजवळ दहा मिनिटं उभे राहून बघा, आणि चहा तुम्ही पाजा.

हत्यारं

थोडक्यात उरकतो, कारण नवखे इथे पैसे आणि वेळ दोन्ही उधळतात. बुटक्या टोकाचा एक हूक, साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचा. टेन्शन रेंच दोन-तीन जाडीचे. बस. बावीस पिकांच्या संचातले वीस पडून राहतात. घरी करायचा असेल तर हॅकसॉ ब्लेड घासून हूक होतो आणि गाडीच्या जुन्या वायपरमधली पोलादी पट्टी वाकवून चांगला रेंच होतो. ग्राइंडरवर घासताना चष्मा लावा आणि ब्लेड सारखं पाण्यात बुडवत राहा. तापून निळं पडलं की पोलादाचा कस गेला. शेवटी बारीक पॉलिश पेपरने हूक गुळगुळीत करा. खरबरीत हूक स्वतःच इतकी करकर पाठवतो की पिनेचं बोलणं त्यात बुडून जातं.

पायरी पहिली : ताण न देता नुसतं चाचपणं

सिलिंडर छोट्या व्हाइसमध्ये धरा, पिना वरच्या बाजूला येतील असा. दारात युरो सिलिंडर उलटा बसतो, पिना खाली असतात, पण शिकताना त्या वरच असू द्या. कारण लवकरच कळेल.

रेंच न लावता हूक पार मागपर्यंत न्या आणि हळूहळू बाहेर ओढत पिना मोजा. मग एकेक पिन उचलून बघा. या वेळी प्रत्येकीतून फक्त स्प्रिंग जाणवेल : दाबली की वर, सोडली की लगेच खाली, दट्ट्याच्या बॉलपेनच्या बटणासारखी. हीच तुमची मोजपट्टी. पुढे जे काही वेगळं लागणार आहे ते यापेक्षा वेगळं लागणार आहे, म्हणून या पायरीवर चांगला अर्धा तास घालवला तरी तो वाया जात नाही. कुठली पिन लांब लोंबतेय, कुठली आखूड आहे हेही कळू लागतं. लांब की-पिन थोडीच उचलावी लागते, आखूड असेल तर बरीच. किल्लीचे दाते शेजारी ठेवून पडताळून बघा.

पायरी दुसरी : ताण

रेंचचं टोक किल्लीच्या भोकाच्या खालच्या कडेला बसवा आणि एका बोटाने हलकं वळण द्या. किती हलकं? बोटाच्या पेराकडे बघा. रेंच टेकतो तिथलं मांस पांढरं पडायला लागलं तर जोर जास्त झाला. नवखे दहापैकी नऊ वेळा जास्तच जोर लावतात, कारण कुलूप ही गोष्ट जोराने उघडायची अशी आपली समजूत असते.

जास्त जोराचा तोटा सरळ आहे. जोर वाढला की पहिली पिन तर चिमटतेच, पण तिच्यापाठोपाठ दुसरी-तिसरीही. मग तीन पिना ताठ लागतात आणि त्यातली खरी कोणती हे देवालाही सांगता येणार नाही. एकाहून जास्त पिना सारख्याच ताठ लागल्या तर आधी ताण कमी करा.

पायरी तिसरी : एकेक पिन विचारत जाणं

आता ताण तसाच ठेवून मागच्या पिनेपासून पुढे या. प्रत्येकीला सारख्याच जोराने, अगदी थोडं, ढकलून बघा. उचलायचं नाही, फक्त विचारायचं. उत्तरं चार प्रकारची येतात.

मऊ, स्प्रिंगसारखं उत्तर आलं तर ती पिन अजून मोकळी आहे. तिला सोडून पुढे जा.

ताठ उत्तर आलं, ढकलताना बारीक घासल्यासारखं वाटलं आणि हूक खाली घेतल्यावर स्प्रिंगने लगेच उसळी मारली नाही, तर ती अडलेली. हीच हवी होती.

हूक लावल्यावर पिन पोकळ खुळखुळली, स्प्रिंगचा जोर जाणवला नाही आणि थोडं वर जाऊन एकदम भिंत लागली, तर ती आधीच बसलेली आहे. तिचा ड्रायव्हर वर अडकलाय, त्यामुळे की-पिन एकटीच सुटी पडली आहे. पिना वर ठेवायला सांगितलं ते याचसाठी : सुटी पिन स्वतःच्या वजनाने हुकावर येऊन पडते आणि खुळखुळ कळते. पिना खाली असल्या तर ती हुकापासून दूर जाऊन पडते आणि नवख्या बोटाला ती जागा रिकामीच वाटते.

चौथं उत्तर ताठ असतं पण खुळखुळत नाही, आणि वरही हलत नाही. ही बहुधा प्रमाणाबाहेर चढलेली पिन. सांध्याऐवजी की-पिनच शिअर लाइनमध्ये अडकली आहे. तिला खाली आणायला ताण कमी करण्यावाचून इलाज नाही.

खरी अडलेली की नुसतीच ताठ?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबून बघू. ताठ लागणारी प्रत्येक गोष्ट अडलेली पिन नसते. पिन ताठ असते ती तिच्या स्वभावाने नाही, तुम्ही दिलेल्या ताणाने. म्हणजे ताण बदलला की ताठपणा बदलायलाच हवा. यातूनच परीक्षा निघते : हूक त्या पिनेवर तसाच टेकवून ठेवा आणि रेंचवरचं बोट अगदी हळू सैल करा. पिन मऊ झाली, स्प्रिंग परत जाणवली, तर ती खरोखर अडलेली होती. ताण जवळपास शून्यावर आणला तरी ती दगडासारखीच राहिली, तर हूक पिनेवर नाहीच, दुसऱ्या कशावर तरी आहे. फक्त एक खबरदारी. आधी काही पिना बसल्या असतील तर सैल करताना त्या खाली येऊ शकतात. म्हणून ही परीक्षा अगदी सुरुवातीला, पहिली पिन शोधताना, मनसोक्त करा. नंतर बोटाला इतकी सवय होते की ताण किंचित हलवला तरी पुरतं.

दगड लागला तर तो कशाचा? पुष्कळदा किल्लीच्या भोकाच्या भिंतीतल्या उभट कडांचा. किल्लीच्या बाजूच्या खाचा ज्यांच्यात बसतात त्या कडा. हुकाची दांडी तिरकी झाली की ती कडेवर टेकते आणि पिन लागल्यासारखं वाटतं. धातूवर धातू घासल्याचा कोरडा आवाज येतो, त्यावरून कळतं. मनगट सरळ करा.

दुसरा सोंगाड्या म्हणजे दोन पिनांच्या मधोमध आलेलं टोक. दोन्ही स्प्रिंगा एकदम लागतात आणि जड वाटतं. हूक पिनेच्या निम्म्या जाडीइतका मागे-पुढे सरकवला की तो जडपणा नाहीसा होतो.

पुढची पिन लांब आणि मागची आखूड असेल तर आणखी मजा. मागची उचलायला जाताना हुकाची दांडी पुढचीला धक्का देते आणि पुढचीचा ताठपणा मागचीचा म्हणून हातात येतो. हूक आधी खालून पूर्ण मागे न्या, मग टोक वर करा. तरीही लागत असेल तर जरा उंच टोकाचा हूक हवा.

पहिली पिन कायम, प्रत्येक वेळी, अडलेलीच वाटत असेल तर रेंच बघा. त्याचं टोक लांब असलं की ते पहिल्या पिनेला घासतं. कानशीने दोन-तीन मिलिमीटर कमी करा. आणि कुलूप बाजारातलं जुनं असेल तर कदाचित नुसता मळ असेल. डब्ल्यूडी-४० मारून, किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करून, कापसाने पुसून घ्या.

पायरी चौथी : बसवणं, आणि पुन्हा विचारणं

अडलेली पिन सापडली की ती हळू वर न्या. बसताना बारीकशी ‘खट्’ येते आणि रेंच केसभर पुढे सरकतो. दोन्हींपैकी रेंचवर जास्त विश्वास ठेवा. खट् आवाज हूक घसरल्यानेही येतो. रेंच मात्र उगाच सरकत नाही.

लगेच थांबा. तीच पिन आणखी ढकलण्याचा मोह होतो, आणि त्यानेच ती प्रमाणाबाहेर चढते. पुन्हा मागपासून फेरी सुरू करा.

माझ्या टेबलावरच्या एका पाच पिनांच्या सिलिंडरची फेरी अशी जाते. बाहेरच्या टोकाकडून मोजलं तर पहिल्यांदा तिसरी ताठ लागते, बाकी चारही मऊ. ती बसली की पाचवी अडते. पाचवी बसली की पहिली, पण किंचितच, मऊ आणि ताठ यांच्या मधली. इथे घाई केली तर ती मऊ समजून सुटते आणि फेरीमागून फेरी मारूनही काही हाती लागत नाही. पहिली बसल्यावर चौथी. त्यानंतर दुसरी एकटी उरते आणि तरीही मऊच लागते! कारण तिसरी पूर्ण बसलेली नव्हती, नुसती बसल्यासारखी होती. पुन्हा तिसरीकडे गेलं की ती ताठ लागते, अर्धा केस वर गेल्यावर रेंच सरकतो आणि मग दुसरी अडते. ती बसली की प्लग फिरतो.

हा क्रम पाठ करायचा नाही. रेंच उलट्या दिशेला लावला की तोच सिलिंडर बहुतेकदा वेगळाच क्रम दाखवतो, कारण आता पिना भोकांच्या दुसऱ्या बाजूला चिमटल्या जातात. सरावासाठी हे फुकटचं दुसरं कुलूप आहे.

सराव : पिना कमी करून

पाच पिनांवर अडून बसण्यापेक्षा एका पिनेपासून सुरुवात करणं कितीतरी बरं. त्यासाठी सिलिंडर खोलायचा. मोठ्या ताटात जुना नॅपकिन पसरा, कारण स्प्रिंग उडाली तर फरशीवर सापडत नाही. प्लगच्या आतल्या टोकाची सर्क्लिप (प्लग जागेवर धरणारी पोलादी कडी) स्क्रूड्रायव्हरने काढा. किल्ली घालून प्लग थोडा वळवा आणि बाहेर ढकला, पण त्याच्या मागोमाग तेवढ्याच जाडीची गोल काठी आत सरकवत न्या. प्लग आणि काठीत फट पडली की वरचे ड्रायव्हर धडाधड खाली. काढलेल्या की-पिना क्रमाने ठेवा. औषधाच्या सात खणांच्या डबीत छान बसतात.

आता एकच जोडी ठेवून सिलिंडर परत जोडा. अडणारी पिन कोणती हे माहीतच आहे, त्यामुळे ‘अडलेली’ म्हणजे नेमकं काय लागतं याची शंका उरत नाही. ताण कमी-जास्त करत तीच पिन मऊ-ताठ करून बघा. मग दोन जोड्या. इथून उघडणं विसरा. फक्त कोणती अडली ते ओळखायचं, कागदावर लिहायचं, ताण सोडायचा आणि डोळे मिटून पुन्हा. सलग तेच उत्तर येत राहिलं तर तिसरी जोडी घाला. उत्तर बदलत राहिलं तर ताणाचं बोट स्थिर नाही. हुकाला दोष देऊ नका.

एक सूचना युरो सिलिंडरवाल्यांना. प्लग फिरवत अर्धा वळसा झाला की ड्रायव्हर किल्लीच्या भोकाच्या खालच्या बाजूने आत घुसू शकतात आणि सगळं जाम होतं. उघडला की अर्ध्या वळशाच्या आधी थांबा आणि मागे फिरवा.

प्लग बराच फिरला आणि थांबला तर

चार-पाच पिना हाताखाली आल्यावर एक दिवस नवं कुलूप घ्याल आणि प्लग एकदम काही अंश वळून ठप्प होईल. उघडलं वाटावं इतका वळेल, पण उघडणार नाही. आत एक-दोन ड्रायव्हर मधोमध बारीक केलेले, रिळाच्या आकाराचे आहेत. त्यांना स्पूल पिन म्हणतात. त्यांची बारीक कंबर शिअर लाइनमध्ये अडकली आहे.

इथे अडलेली पिन ओळखायची खूण बदलते. आता हुकाकडून येणाऱ्या ताठपणापेक्षा रेंचकडे लक्ष द्या. एकेक पिन हलकी ढकला. जिला ढकलल्यावर रेंच उलटा तुमच्या बोटावर रेटू लागतो, ती स्पूल. बाकीच्या ढकलल्यावर रेंच ढिम्म राहतो. त्या रेटण्याला विरोध न करता बोट जरासं मागे येऊ द्या आणि त्याच वेळी पिन वर नेत राहा. या माघारीत आधी बसलेली एखादी पिन खाली पडते. पडली तर पडू द्या, तिला पुन्हा शोधून बसवायचं आणि स्पूलकडे परत यायचं.